मांडी बरी झाली, हे कोण ठरवणार?

(नंदुरबार येथे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर भाषण हवं होतं. मी म्हटलं, ते पुढच्या वेळी. या वेळी मला मांडीच्या मागच्या स्नायूवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "या, बोला. इथे चार पोरं आत्ताच लंगडतायत."

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यात टेनिस बॉलच्या सामन्यात धाव घेताना माझी ही मांडी भरली. एका चांगल्या फिजिओथेरपिस्टने ती बरी करून दिली आणि प्रत्येक व्यायामामागचं कारणही सांगितलं. मग मी स्वतः त्यावरचं बरंच वाचलं. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या बाबतीत ते उपयोगी पडलं. धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातल्या मुलाला फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा येणं जमणार नाही. म्हणून जे घरी, अंगणात, मैदानावर करता येतं ते आज सांगतो. आणि जिथे डॉक्टरांशिवाय चालणार नाही, तेही सांगतो.

भरतीचं गणित तुम्हाला पाठ आहे. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर 15 गुणांना, गोळाफेक 15 गुणांना. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. म्हणजे 100 मीटरच्या त्या काही सेकंदांवर 15 गुण टांगलेले असतात. आणि मांडीच्या मागचा स्नायू फाटतो तो बहुतेक वेळा अशाच पूर्ण वेगाच्या धावेत. वर्षभराची तयारी एका पावलात अडकते.

काय फाटतं आणि का

ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात ते मांडीच्या मागचे तीन स्नायू आहेत. आपण ज्या हाडावर बसतो, तिथून ते निघतात आणि खाली गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेले असतात. गुडघा वाकवणं आणि मांडी मागे नेणं, ही त्यांची दोन कामं. शाळेतल्या पुस्तकात इतकंच असतं.

धावताना त्यांचं तिसरं काम सुरू होतं. पाय जोरात पुढे फेकला जातो, गुडघा सरळ होत जातो, आणि पाऊल जमिनीला लागण्याच्या थोडं आधी या स्नायूला त्या पायाला लगाम घालावा लागतो. तो लांब होत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. तोरणमाळचा घाट चढताना गाडीच्या इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ब्रेकची. हॅमस्ट्रिंग हा पायाचा ब्रेक आहे. वेग जितका जास्त, तितका ब्रेकवरचा भार जास्त. शरीर थकलेलं असेल, स्नायू कमजोर असेल किंवा आधी एकदा फाटलेला असेल, तर तो याच क्षणी दगा देतो.

दुसऱ्या प्रकारची दुखापत पाय फार ताणला गेल्याने होते. गोलकीपर पाय फाकवून चेंडू अडवतो तेव्हा, किंवा ओल्या जमिनीवर पाय पुढे घसरतो तेव्हा. तिचं दुखणं वर, बसायच्या हाडाजवळ असतं. सुरुवातीला ती किरकोळ वाटते, पण बरी व्हायला धावण्यातल्या दुखापतीपेक्षा जास्त वेळ घेते. दुखणं जितकं वर, तितका धीर जास्त ठेवा.

नस चढली की स्नायू फाटला?

आपल्याकडे सगळ्यालाच "नस चढली" म्हणतात. तीन गोष्टी वेगळ्या ओळखा.

नस चढते तेव्हा स्नायू गोळ्यासारखा घट्ट होतो, काही मिनिटं भयंकर दुखतो, हळूच ताणला की सुटतो. दुसऱ्या दिवशी थोडा ठणका राहतो, एवढंच.

स्नायू फाटतो तेव्हा तो क्षण लक्षात राहतो. धावता धावता मागून कुणी दगड मारल्यासारखं होतं. एका बोटाने जागा दाखवता येते. ताणलं की बरं वाटत नाही, दुखणं वाढतं.

तिसरं दुखणं कमरेतून येतं. कधी सुरू झालं तो क्षण सांगता येत नाही. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. ते मांडीचं दुखणं नाही. त्यावर मांडीचे व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना कंबर दाखवा.

स्नायूच्या दुखापतीच्या ढोबळमानाने तीन पायऱ्या मानतात. पहिलीत थोडे तंतू दुखावतात, चालता येतं, एक ते तीन आठवडे लागतात. दुसरीत स्नायू अर्धवट फाटतो, माणूस लंगडतो, दोन-तीन दिवसांत निळं-काळं दिसू लागतं. चार ते आठ आठवडे धरा. तिसरीत स्नायू पूर्ण तुटतो किंवा हाडापासून सुटतो. तिथे कित्येक महिन्यांचं काम असतं आणि कधी शस्त्रक्रियाही लागते.

म्हणून ही यादी ध्यानात ठेवा. दुखापतीच्या वेळी "टक्" असा आवाज आला, चार पावलंही टाकता येत नाहीत, मांडीवर मोठा निळा डाग पसरला, बोटाला खड्डा लागतो, बसायच्या हाडाजवळ तीव्र दुखतं, किंवा पाय बधिर वाटतो, यातलं एक जरी असलं तरी जिल्हा रुग्णालयात किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. हाडापासून सुटलेला स्नायू जोडायचा असेल तर ते पहिल्या काही आठवड्यांत सोपं असतं, नंतर अवघड होत जातं.

पहिले तीन दिवस

तुम्ही आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, हे ऐकलं असेल. हे सूत्र 1978 साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी त्यांच्या पुस्तकात मांडलं आणि ते जगभर पसरलं. पुढे याच मिर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे बरं होण्याला उशीर होऊ शकतो, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. आपलंच गाजलेलं सूत्र त्यांनी नव्या माहितीवर तपासून बदललं. हा गुण आपण सगळ्यांनी घ्यावा असा आहे.

मग करायचं काय? दुखणं फार असेल तर पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा; तो दुखणं कमी करण्यापुरता आहे, उपचार म्हणून नाही. मांडीला ताणाची पट्टी बांधा, पाऊल बधिर वाटलं तर सैल करा. बसताना पाय उंच ठेवा. आणि लंगडावं लागणार नाही इतक्या छोट्या पावलांनी घरात चालत राहा.

काय करायचं नाही? मालिश नको, शेक नको, जोरात ताणणं नको. मोहल्ल्यातल्या मालिश करणाऱ्या चाचांच्या हाताला गुण असेल, पण ताज्या फाटलेल्या स्नायूवर अंगठा दाबला तर आतला रक्तस्राव वाढतो. "नस बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. इथे कुठलीच नस जागेवरून हललेली नसते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणंही नको. गोळीने दुखणं झाकलं जातं, फाटलेलं जुळत नाही.

इंजेक्शनचंही बोलून टाकतो, कारण त्यासाठी लोक कर्ज काढतात. आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या करून दुखऱ्या जागी टोचायचं एक महागडं इंजेक्शन मिळतं. नेदरलँड्समध्ये 80 खेळाडूंवर त्याची तपासणी झाली. अर्ध्यांना ते दिलं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. 2014 साली निकाल छापून आला. दोन्ही गट सारख्याच वेळात मैदानावर परतले होते. ते पैसे खुराकावर आणि चांगल्या बुटांवर खर्च करा.

पडून राहणं हा उपचार नाही

घरातल्या मोठ्यांचा सल्ला ठरलेला असतो: "महिनाभर पडून राहा, आपोआप बरं होईल." त्यामागे माया असते. पण स्नायू पडून राहिल्याने तयार होत नाही. फाटलेल्या जागी शरीर नवी जोड तयार करतं. त्या जोडीचे तंतू कुठल्या दिशेने आणि किती घट्ट बसायचे, हे तिच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. भारच नसेल तर जोड अस्ताव्यस्त आणि कमजोर बनते. आणि तिच्या आजूबाजूचा धडधाकट स्नायूही महिनाभरात रोडावतो.

डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेले 50 हौशी खेळाडू घेतले. अर्ध्यांना दुखापतीनंतर दोन दिवसांनी व्यायाम सुरू करून दिला, अर्ध्यांना नऊ दिवसांनी. फरक फक्त एका आठवड्याचा. 2017 साली छापलेल्या निष्कर्षात, लवकर सुरू केलेले साधारण 62 दिवसांत खेळात परतले, उशिरा सुरू केलेले साधारण 83 दिवसांत. पहिल्या आठवड्यातल्या आरामाने शेवटी तीन आठवडे खाल्ले.

व्यायाम कुठला, यालाही महत्त्व आहे. स्वीडनचे कार्ल आस्कलिंग यांनी 75 फुटबॉलपटूंचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे व्यायाम दिले, दुसऱ्याला स्नायू लांब होत असताना जोर लावायला लावणारे, म्हणजे ब्रेकचे व्यायाम. ब्रेकवाले सरासरी 28 दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे 51 दिवसांत.

भाचीची वही

माझी भाची शहाद्याकडची. भरतीच्या मैदानी चाचणीला 40 दिवस उरले असताना सरावात 70 मीटरच्या आसपास तिची मांडी भरली. घरी तिने पाय मुरगळला असं सांगितलं. रात्री मला हळू आवाजात फोन केला. "मामू, खरं सांगितलं तर अम्मी धावणं बंद करेल."

ही भीती इथल्या अनेक मुलींना असणार. मुलाची मांडी भरली तर ती दुखापत ठरते. मुलीची भरली तर तो पुरावा ठरतो, की मुलींनी धावू नये. म्हणून मुली दुखापत लपवतात, लपवून धावतात, आणि मोठी दुखापत करून घेतात. मी तिला म्हटलं, अम्मीला आत्ता सांग, फोन तिच्याकडे दे. आपाशी मी अर्धा तास बोललो. तिला मी एवढंच म्हटलं की मांडी महिन्या-दीड महिन्यात बरी होईल, पण लपवली तर वर्ष जाईल. दुसऱ्या दिवशी आपाच तिला घेऊन नंदुरबारला डॉक्टरांकडे गेली. स्नायू थोडा फाटला होता, हाडाजवळ काही नव्हतं.

मग तिने एक वही केली. रोज चार नोंदी: सकाळी दुखणं दहापैकी किती, काय व्यायाम केला, व्यायाम करताना दुखणं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. नियम एकच. व्यायामात दुखणं दोन-तीनपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर एक पायरी खाली.

तिसऱ्या दिवसापासून तिने पुलाचा व्यायाम सुरू केला. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, टाचा जमिनीवर दाबून कंबर उचलायची, दहा सेकंद धरायची. आठवड्याने टाचा थोड्या लांब ठेवायच्या, म्हणजे भार वाढतो. मग एका पायावर. त्याच्या जोडीला आस्कलिंग यांच्या पद्धतीतला एक सोपा व्यायाम: पाठीवर झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा, दुखायच्या आत थांबायचं. नंतर एका पायावर उभं राहून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं आणि दुसरा पाय मागे न्यायचा, पाण्यात सूर मारण्याआधी झुकतात तसं.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. "मामू, अजिबात दुखत नाही. उद्यापासून धावू?" मी म्हटलं, एका ओट्यावर टाच ठेव, दुसरा पाय हवेत, आणि कंबर किती वेळा उचलता येते ते मोज. दोन्ही पायांचं मोज. चांगल्या पायाने 24 झाले. दुखऱ्या पायाने 9.

या दोन आकड्यांसाठी मी आज इथे उभा आहे. दुखणं शून्यावर आलं होतं आणि ताकद निम्म्याच्याही खाली होती. याच दिवसांत लोक धावायला लागतात आणि पुन्हा फाडून घेतात. वेगवेगळ्या अभ्यासांत हॅमस्ट्रिंगची दुखापत पुन्हा होण्याचं प्रमाण आठांतल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत आढळलं आहे, आणि दुसऱ्या वेळची दुखापत बहुतेकदा पहिलीपेक्षा जास्त दिवस घेते. दुखणं थांबणं ही बातमी चांगली आहे, पण तेवढ्यावर पाय मैदानावर सोडायचा नाही.

तिने चालणं आणि हलकं जॉगिंग सुरू केलं, ताकदीचे व्यायाम चालू ठेवले. चोविसाव्या दिवशी आकडे 24 आणि 19 झाले. मग वेग. 100 मीटरचे तीन भाग पाडायचे: पहिल्या 30 मीटरमध्ये वेग वाढवायचा, 40 मीटर तोच धरायचा, शेवटच्या 30 मीटरमध्ये हळूहळू कमी करायचा. एकदम थांबायचं नाही, कारण थांबतानाच ब्रेक लागतो. आधी निम्मा वेग, मग साठ टक्के, सत्तर, ऐंशी, नव्वद. प्रत्येक टप्प्यानंतर मध्ये एक दिवस मोकळा. वेगाने धावताना मात्र दुखणं शून्यच हवं, तिथे दोन-तीनची सवलत नाही.

चाळिसाव्या दिवशी तिने चाचणी दिली. 800 मीटर नेहमीसारखं पळाली, गोळाही चांगला गेला. 100 मीटरमध्ये तिने नव्वद टक्क्यांच्या पुढे पाय टाकला नाही. हा निर्णय तिचा होता, मी विचारलंही नव्हतं. मैदानी चाचणीत ती पात्र ठरली, लेखी परीक्षा झाली, पण अंतिम यादीत नाव आलं नाही. घरी कुणीतरी म्हणालंच, पूर्ण जोर लावला असता तर आली असती. कदाचित. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या पायांवर मैदानात होती. पुढच्या भरतीची तयारी सुरू आहे, आणि आता सकाळी तिच्याबरोबर आपाही चालायला जाते.

झहीर खान आणि लॉर्ड्स

मुलांना वाटत असेल, हे सगळं नाजूक लोकांचं आहे. तर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खान यांचं घ्या. त्यांनी इंजिनियरिंग सोडून चेंडू हातात घेतला. माझ्या कंपनीचं नुकसान झालं असेल, देशाचं झालं नाही. 21 जुलै 2011, लॉर्ड्सचं मैदान, इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. झहीर यांनी कुक आणि स्ट्रॉस या दोन्ही सलामीवीरांना बाद केलं होतं. 13.3 षटकं, 18 धावा, 2 बळी. चौदाव्या षटकाच्या मधेच उजव्या मांडीचा मागचा स्नायू गेला आणि ते मैदान सोडून आत गेले. उरलेल्या गोलंदाजांवर इतका भार आला की धोनीने यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज द्रविडकडे देऊन स्वतः गोलंदाजी केली. पीटरसनने द्विशतक ठोकलं. भारत ती मालिका 4-0 ने हरला आणि कसोटीतलं पहिलं स्थान गेलं.

पुढे नॉर्थहॅम्प्टनच्या सराव सामन्यात झहीर यांनी पुन्हा चेंडू टाकून पाहिला, पण त्यांना थोडक्यातच थांबावं लागलं. घोट्याचंही दुखणं होतं, त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि ते मालिकेबाहेर गेले. मग 26 डिसेंबर 2011 ला मेलबर्नच्या कसोटीत ते परतले आणि पहिल्या डावात 4 बळी घेतले.

मला यात पराक्रमापेक्षा एक साधी गोष्ट दिसते. जगातल्या उत्तम गोलंदाजाला, संघासोबत फिजिओ असताना, भरल्या मैदानासमोर षटक अर्धवट टाकून बाहेर जावं लागलं, आणि त्यात त्याची इज्जत गेली नाही. आपल्या मैदानावर मात्र एखादा मुलगा सरावातून थांबला की मित्र "नाटक करतो" म्हणून हसतात. ते हसणं बंद करा. एखाद्याची नोकरी त्यात जाते.

परत धावायच्या आधी

आता मूळ प्रश्न. बरं झालं हे कोण ठरवणार? कॅलेंडर नाही, घरचे नाहीत, भरतीची तारीख तर नाहीच. या पाच गोष्टी ठरवतील.

एक, दुखऱ्या जागी बोटाने दाबलं तरी दुखत नाही.

दोन, ओट्यावर टाच ठेवून केलेल्या एका पायाच्या पुलात दोन्ही पायांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही.

तीन, पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवत पाय वर नेला तर दोन्ही पाय सारखेच वर जातात.

चार, नव्वद टक्के वेगाच्या धावा मध्ये एक दिवस सोडून दोनदा झाल्या आणि दुसऱ्या सकाळी काही जाणवलं नाही.

पाचवी गोष्ट भीतीची. पाठीवर झोपून, गुडघा सरळ ठेवून, पाय झटक्यात वर उचलायचा. ही आस्कलिंग यांची चाचणी आहे, आणि ती सगळ्यात शेवटी करायची, बाकीच्या चार झाल्यावर. उचलताना दुखलं नाही, पण मन कचरलं, "जाईल की काय" असं वाटलं, तरी ते उत्तर "अजून नाही" असंच धरायचं. ती भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, पायाकडून आलेली खबर आहे. आणखी काही दिवस व्यायाम करा, पुन्हा उचलून पाहा.

इथे नमाज पढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रुकूमध्ये गुडघे सरळ आणि कंबर वाकलेली असते, म्हणजे हाच स्नायू ताणला जातो. पहिल्या दिवसांत तिथे कळ येईल. आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत आपल्या दीनमध्ये आहेच; ती घ्यायला लाजू नका. मग रोजच्या रुकूत तुम्हाला आपोआप कळत जाईल, काल कुठपर्यंत वाकता आलं आणि आज कुठपर्यंत. रमजानमध्ये ताकदीचा व्यायाम इफ्तारनंतर ठेवा, पाणी पोटात गेल्यावर. बाकी खुराक आपल्या घरातलाच: डाळ, अंडी, दूध, परवडेल तेव्हा गोश्त. आणि पुरेशी झोप, कारण दुरुस्तीचं बरंच काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्याच्या मांडीला कुठलाही व्यायाम पुरा पडणार नाही.

ज्यांची मांडी शाबूत आहे त्यांच्यासाठी

ज्यांना अजून काहीच झालेलं नाही त्यांनीही ऐका. एक व्यायाम आहे, नॉर्डिक म्हणतात त्याला. चटईवर गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे धरायचे. पाठ आणि मांडी एका रेषेत ठेवून पुढे झुकत जायचं, जितकं हळू जमेल तितकं. शेवटी तोल गेला की हात टेकायचे. हा शुद्ध ब्रेकचा व्यायाम. 2019 साली आठ हजारांहून जास्त खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्याने कमी दिसल्या. याला जिम लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक चटई आणि एक मित्र लागतो. मुलींना घरात, बहिणीला घोटे धरायला लावून करता येतो. आठवड्यातून एकदा पाच-पाचच्या दोन फेऱ्यांनी सुरुवात करा, हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतील. तो ठणका दोन-तीन दिवसांत जातो.

दुसरं, पूर्ण वेगाची धाव आठवड्यातून एक-दोनदा सरावात असलीच पाहिजे. बरेच जण वर्षभर डांबरी रस्त्यावर 1600 मीटर काढतात आणि चाचणीच्या आठवड्यात पहिल्यांदा 100 मीटर जीव तोडून पळतात. ज्या ब्रेकवर वर्षभर भार टाकला नाही, त्याच्यावर एका दिवशी सगळा भार टाकला तर तो जाणारच. आणि धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा: जॉगिंग, गुडघे वर घेऊन धावणं, मग वेग वाढवत तीन-चार छोट्या धावा.

आपल्या समाजातली मुलं-मुली पोलिसात कमी दिसतात, यावर आपण सभा घेतो, निवेदनं देतो. ते चालू राहू दे. पण जी मुलं-मुली खरोखर पहाटे उठून मैदानावर जातात, त्यांची वर्षं एका मांडीपायी वाया जाऊ नयेत, हे काम आपल्या हातातलं आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

उद्या सकाळी सहाला मी मैदानावर आहे. नॉर्डिक आणि पुलाचे व्यायाम करून दाखवतो. मुलींसाठी माझी भाची शहाद्याहून येतेय, त्यांची वेगळी तुकडी ती घेईल. येताना चटई आणा, एक वही आणा, आणि जे चार जण लंगडतायत त्यांना घेऊन या. त्यांची मोजणी आधी करू.